परीक्षकासाठीं लिहिलेलें इंग्रजी

विद्यार्थ्यांचीं अशुद्ध इंग्रजी वाक्यें फलकावर लावून आम्हीं महाविद्यालयाची अब्रू वेशीवर टांगली आहे, असा आरोप आमच्या एका विद्वान् सहकाऱ्यांनीं परवां भर सभेंत केला. ते वयानें व व्यासंगानें आम्हांहून वडील आहेत. तेव्हां मौन धरण्यापेक्षां उत्तर देणें हाच त्यांचा अधिक आदर होय असें आम्ही समजतों.

हकीकत अशी. गेल्या जून महिन्यापासून द्वितीय वर्षाच्या इंग्रजीच्या वर्गास आम्हीं दर आठवड्यास स्वतःचें असें एक पान लिहावयास सांगितलें. विषय ज्याचा त्यानें निवडावा. त्यास गुण नाहींत. मात्र तें पान जिन्याजवळच्या फलकावर लागेल, येणाराजाणारा कोणीहि तें वाचील आणि वाटल्यास खालीं पेन्सिलीनें कांहीं लिहील, एवढीच अट.

पहिल्या दोन आठवड्यांतील पानें वाचून आमचीच मान खालीं गेली. वेळेचें मोल, शिस्तीचे फायदे, विज्ञान शाप कीं वर! सारीं पानें जणूं एकाच लेखणींतून उतरलीं होतीं. कांहीं बाजारांतील मार्गदर्शकांतलीं होतीं. आणि कांहीं, कबूल करण्यास लाज कसली, आम्हींच वीस वर्षें वर्गांत उतरवून दिलेल्या टिपणांतलीं होतीं.

तिसऱ्या आठवड्यांत एका मुलीनें आपल्या आईच्या शिवणयंत्राविषयीं लिहिलें. पान भूतकाळांत होतें: आई पहाटे उठे, शिवी, गाणें गुणगुणे. खालीं कोणीं तरी पेन्सिलीनें हळुवार विचारलें होतें, "आई केव्हां वारल्या?" मुलगी धांवत आमच्या खोलींत आली. डोळ्यांत पाणी होतें, पण प्रश्न व्याकरणाचा होता: "सर, आई आहे, हें कसें लिहावयाचें?" महाराष्ट्रांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविलें जातें, म्हणजे बारा-तेरा वर्षें ती हे काळ घोकीत आली होती. परंतु काळ म्हणजे काय, हें तिला त्या एका वाचकानें शिकविलें. आमच्या तांबड्या शाईला तें कधींच साधलें नसतें. कारण परीक्षकाला तिची आई जिवंत आहे कीं नाहीं याच्याशीं कर्तव्य नसतें.

आतां अब्रूचा प्रश्न. १८४८ सालीं मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंतील तरुणांनीं आपली साहित्य व शास्त्र सभा स्थापिली. तेथें निबंध वाचले जात ते श्रोत्यांसाठीं, गुणांसाठीं नव्हे. आणि दुसऱ्याच वर्षीं त्याच तरुणांनीं मुलींच्या शाळा काढल्या. १८८८ सालीं आगरकरांचा 'सुधारक' निघाला, तेव्हां त्याच्या इंग्रजी भागाचा भार गोपाळराव गोखल्यांनीं उचलला. त्यांचें वय त्या वेळीं अवघें २२ वर्षांचें होतें. आमच्याकडे इंग्रजी रुजलें तें असें, चारचौघांत बोलून व लिहून. चुका झांकून ठेवणारी अब्रू ही विद्यालयाची नव्हे, दुकानाची.

दुसरा आक्षेप असा कीं, आतां यंत्रेंच निर्दोष इंग्रजी लिहितात, मग हा खटाटोप कशास? २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलें आणि आमच्या पेशांत हाहाकार उडाला, हें खरें. परंतु तो हाहाकार कशाचा? निर्दोष, गुळगुळीत व कोणाचेंच नसलेलें इंग्रजी तयार करण्याचा कारखाना आपण किती तरी वर्षें चालवीत होतों. यंत्रानें तो धंदा तेवढा आपल्या हातून घेतला. त्या मुलीचें वाक्य यंत्र क्षणांत सुधारील. पण तें सुधारलें पाहिजे ही तळमळ तिला कोठून आणून देईल?

एक दोष मात्र आमच्या पदरीं घातलाच पाहिजे. एका खेड्यांतून आलेल्या मुलाच्या पानाखालीं कोणीं तरी कुत्सित थट्टा लिहिली, आणि पुढें तीन आठवडे त्यानें लेखणी उचलली नाहीं. चारचौघांपुढें लिहिणें म्हणजे उघडें पडणें, हें आम्हांस आधीं उमजावयास हवें होतें. तेव्हांपासून अभिप्राय लिहिणाऱ्यानें आपलें नांव घातलेंच पाहिजे, लेखकानें वाटल्यास गाळावें, असा नियम आम्हीं केला. तो मुलगा पुन्हां लिहूं लागला आहे, विनानांवाचें कां होईना.

यामुळें परीक्षेचे गुण वाढतील असें वचन आम्ही देत नाहीं. कदाचित् वाढणारहि नाहींत. तसें झाल्यास दोष फलकाचा कीं परीक्षेचा, याचा विचार सभेनें करावा. तोंवर आमच्या वडील सहकाऱ्यांस एवढीच विनंती कीं, त्यांनीं एकदां जिन्याशीं थांबावें, तांबडी शाई खोलींतच ठेवावी, आणि पेन्सिल घेऊन कोणत्याहि एका पानाखालीं, ज्याचें उत्तर आपणांस ठाऊक नाहीं असा, एक प्रश्न लिहावा.