पाण्याकाठची सहल आणि पाठमोरी गृहिणी

श्रावण सरत आला आणि लागून दोन-तीन सुट्ट्या आल्या, की घरात एकच घोषा सुरू होतो, "कुठेतरी जाऊ या ना!" मग महाबळेश्वर, लोणावळा अशी लांबलांबची नावे निघतात, खर्चाचा हिशेब होतो आणि शेवटी सगळेजण टीव्हीपुढे बसतात. भगिनींनो, आपण कळमनुरी-हिंगोलीकडच्या बायका. कयाधू आपल्या दाराशी आणि पैनगंगा तालुक्याच्या उत्तर अंगाला. नर्सीला नामदेव महाराजांच्या दर्शनाला जातो, तेव्हा कयाधूकाठीच तर जातो! पण सहल म्हटले की या नद्या काही आठवत नाहीत.

यंदा सहस्रकुंडाचा बेत करून पाहा. आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, हदगाव, हिमायतनगर, मग इस्लापूर, असा रस्ता. भल्या पहाटे निघालात तर ऊन चढायच्या आत पोचता. आगगाडीची हौस असेल तर मुदखेड-आदिलाबाद मार्गावर सहस्रकुंड नावाचे स्टेशनच आहे. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगवलेली पैनगंगा इथे काळ्याकभिन्न खडकांवरून खाली उडी घेते आणि अरुंद घळीतून पुढे जाते. अलीकडचा काठ नांदेड जिल्ह्याचा, पलीकडचा यवतमाळचा. म्हणजे मराठवाड्यात उभे राहून विदर्भाकडे बघायचे! पाऊस चांगला झाला असेल तर आवाज लांबूनच ऐकू येतो. उन्हाळ्यात मात्र जाऊ नका, नुसते खडक बघून मुले हिरमुसतात.

मुलांना तिथली कुंडे कशी झाली ते जरूर सांगा. पुराबरोबर आलेले गोटे खडकातल्या लहानशा खळग्यात अडकतात. पाण्याच्या भोवऱ्यात ते गरगर फिरतात आणि जात्यासारखा खडक दळत जातात. वर्षानुवर्षे हे चालले की खळग्याचा रांजण होतो. पारनेर तालुक्यातल्या निघोजचे रांजणखळगे तर त्यासाठी प्रसिद्धच आहेत. आणि हे नुसते ज्ञान म्हणून सांगू नका. गढूळ पाण्यात खळगा दिसत नाही. वरून घोटाभर पाणी वाटते आणि पुढचे पाऊल पुरुषभर खोलात जाते.

आता माझीच फजिती सांगते. फजिती म्हणते खरी, पण अजून आठवले की पोटात गोळा येतो.

आम्ही दोन बिऱ्हाडे मिळून अकराजण गेलो होतो. पावसाळा उतरणीला लागलेला, डोक्यावर लख्ख ऊन. पाण्यालगतच्या एका ऐसपैस खडकावर सतरंजी अंथरली. सासूबाईंच्या दशम्या, जाऊबाईंचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, सगळे कसे झकास जमले. जेवणे झाली. पुरुषमंडळी आडवी झाली, मुले पाण्यात पाय सोडून बसली आणि मी? मी धबधब्याकडे पाठ करून ताटे घासत होते! घरून राखेची पुडीसुद्धा नेली होती, काय सांगू!

तेवढ्यात काठावरून शेळ्या राखणारी एक म्हातारी ओरडली, "अवं बाई, लेकरं उचला! पाणी गढूळ व्हायलंय!"

मला वाटले, माझ्या राखेमुळेच झाले असेल. तरी तिच्या आवाजात असे काही होते की मी ताट टाकून धाकट्याचा दंड धरला. हे दचकून उठले, भावोजींनी दोघांना उचलले. आम्ही वर येऊन मुले मोजली, पुन्हा मोजली. नऊ-दहा मिनिटे झाली असतील नसतील, आमच्या सतरंजीवरून पाणी वाहत होते. दोन ताटे, एक डबा आणि जाऊबाईंच्या नव्या चपला गेल्या. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, हो! म्हातारी म्हणाली, "पाऊस हितं कशाला पडाया पाहिजे? वर पडला की झालं."

तिचे म्हणणे शंभर टक्के खरे. नदीचे पाणी आपल्या डोक्यावरच्या आभाळातून येत नाही, वरच्या मुलखातून येते. शिवाय पैनगंगेवर सहस्रकुंडाच्या वरच्या अंगाला इसापूरचे मोठे धरण आहे. ते भरले की दरवाजे उघडून पाणी सोडावेच लागते, आणि खाली नदी फुगते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रात किंवा मोबाईलवर इसापुरातून विसर्ग चालू आहे का ते पाहून घ्या, आणि पोचल्यावर काठावरच्या माणसांना विचारल्याशिवाय खाली उतरू नका. निवळ पाणी एकाएकी मातकट होणे, काड्या-पाने-फेस वाहून येणे, आवाज बदलणे, मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसणे, यातले एक जरी दिसले तरी सामानाकडे वळून बघू नका. डब्याचे काय, डबा पुन्हा घेता येतो.

तेव्हापासून आमच्या घरी नियम झाला आहे. पाण्याकाठी एका मोठ्या माणसाने दुसरे काहीही करायचे नाही. गप्पा नाहीत, पत्ते नाहीत, मोबाईल तर नाहीच. फक्त पाणी आणि मुले बघायची. अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी, आणि त्यात पुरुषांचीही पाळी. पहिल्यांदा हे सांगितले तेव्हा "सुट्टीतसुद्धा ड्यूटी?" असे ह्यांनी हसून विचारले. मी म्हटले, "माझी कधी सुटली होती?" यावर ते काही बोलले नाहीत. पहिली पाळी त्यांनीच घेतली.

भांडीही नाहीत आता. पत्रावळी न्यायच्या, खरकटे पिशवीत भरून घरी आणायचे. दशम्या दुधात कणीक भिजवून करा, दोन दिवस मऊ राहतात. दह्याचे धपाटे मात्र उन्हात आंबतात, ते सकाळीच संपवा. सुशीला करणार असाल तर मुरमुरे कोरडे न्या आणि फोडणी वेगळ्या डब्यात. लोणचे काचेच्या किंवा स्टीलच्या बरणीत, अॅल्युमिनियमच्या डब्यात नको. आणि नेसायचे म्हणाल तर सहावारी भिजली की पायांत बेडीच होते. मी सरळ सलवार-कुडता घालते. सासूबाई पहिल्यांदा गप्प होत्या, पण त्या दिवसानंतर त्यांनीच आठवण केली, "तो ड्रेस घेतलास ना?"

एक पाच लिटरचा रिकामा प्लॅस्टिकचा कॅन, झाकण घट्ट लावून आणि मुठीला लांब दोरी बांधून, सोबत असू द्या. कोणी पाण्यात पडले तर पट्टीचे पोहणारे नसाल तर मागोमाग उडी मारू नका, एकाचे दोन जातात. कॅन फेका, बांबू द्या, काही नसेल तर ओढणीला ओढणी बांधून फेका आणि स्वतः आडवे पडून ओढा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे धरून गरगर फिरवण्याची आपल्याकडे रीत आहे, ती कृपा करून सोडा. श्वास नसेल तर नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यायचा, छाती दाबत राहायचे आणि दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन करायचा. हे आधी एखाद्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष करून घेतलेले बरे.

एवढे सगळे वाचून भीती वाटली असेल, तर पहिली सहल इसापूरला काढा. अर्ध्या दिवसाचे काम. १९८२ साली पुरे झालेले हे मातीचे धरण ५७ मीटर उंच, भिंत चार किलोमीटरहून लांब. पावसाळा संपता संपता समुद्रासारखे पाणी पसरलेले असते. खाली उतरायचे नाही, लांबूनच बघायचे.

आम्ही गेलो तेव्हा शेजारच्या काकूंना नेले होते. त्यांचे माहेर या धरणात गेले. सगळेजण "केवढे पाणी!" म्हणत होते आणि काकू मात्र पदर डोळ्यांवर आडवा धरून काहीतरी शोधत होत्या. मग त्यांनी माझ्या धाकट्याला जवळ घेतले आणि बोट दाखवले, "तो डोंगर दिसतो ना? त्याच्या अलीकडं आमचा वाडा. मागं चिंच होती. मी तुझ्याएवढी असताना तिच्यावर चढायची." त्याने विचारले, "मग आता चिंच पाण्यात आहे?" काकू म्हणाल्या, "हो रे, माशांना चिंचा."

पिशवीतून त्यांनी खण-नारळ काढला, लांबूनच पाण्याला हळदीकुंकू वाहिले. नारळ तिथेच फोडून आम्हा सगळ्यांना खोबरे वाटले आणि खण घडी करून माझ्या हातात दिला.