थेट प्रक्षेपण आणि रिकाम्या मैदानांचे भय

मे २०२४ मधील दुसऱ्या शनिवारी आयर्लंडच्या दक्षिणेकडील कॉर्क शहरात कॉर्क आणि लिमरिक या दोन काउंटींमध्ये हर्लिंगचा सामना रंगला. मैदानावर ४० हजारांहून अधिक प्रेक्षक होते आणि कॉर्कने अवघ्या दोन गुणांनी बाजी मारली. एवढा चुरशीचा सामना आरटीई या सार्वजनिक वाहिनीवर मात्र दिसला नाही. तो पाहायचा तर मैदानावर जायचे, नाहीतर 'जीएए गो' या इंटरनेट सेवेचे पैसे भरायचे, असे दोनच मार्ग होते. त्यावरून उठलेला गदारोळ राजकीय नेत्यांपर्यंत पोहोचला आणि त्या देशातील एक जुना वाद पुन्हा डोके वर काढून उभा राहिला. घरबसल्या सामना दिसू लागला की लोक मैदानाकडे पाठ फिरवतात काय?

हा प्रश्न तेथे केवळ करमणुकीचा नाही. हॉकीशी दुरून नाते सांगणारे हर्लिंग आणि हातापायांनी खेळले जाणारे गेलिक फुटबॉल हे आयर्लंडचे अस्सल देशी खेळ. १८८४ साली टिपरेरीतील थर्ल्स गावी स्थापन झालेली गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजेच जीएए, ते चालवते. देशातील सर्वांत मोठी मैदाने भरवणारे हे खेळाडू हौशी आहेत. सामन्याचे मानधन त्यांना मिळत नाही. उत्पन्नाचा मोठा भाग गावोगावचे क्लब, काउंट्या आणि प्रांतिक मंडळांकडे परत जातो, असे संघटना सांगते. या उत्पन्नात प्रवेशशुल्काचा वाटा मोठा. साहजिकच रिकाम्या बाकड्यांचे भय ही गावच्या मैदानावरील गवत कापण्याच्या खर्चाची चिंता असते.

प्रक्षेपणाशी जीएएचे नाते तसे जुने आहे. ऑगस्ट १९२६ मध्ये किलकेनी व गॉलवे यांच्यातील हर्लिंगच्या उपांत्य सामन्याचे धावते वर्णन नभोवाणीवरून झाले. मैदानी खेळाचे असे वर्णन युरोपात त्यापूर्वी झाले नव्हते, असे मानले जाते. नभोवाणीने खेळ खेडोपाडी नेला, त्याचे प्रेक्षक हिरावले नाहीत. दूरचित्रवाणीबाबत मात्र संघटना सावध होती. १९६२ पासून मोजके मोठे सामने पडद्यावर दिसू लागले. प्रक्षेपणाचे विरोधक येथे एक आकडा पुढे करतात. १९६१ च्या फुटबॉल अंतिम सामन्याला, डाऊन विरुद्ध ऑफली, डब्लिनच्या क्रोक पार्कवर ९० हजार ५५६ प्रेक्षक होते. हा विक्रम पुढे कधीच मोडला नाही. आकडा खरा, पण निष्कर्ष फसवा. त्या काळी लोक उतरत्या कठड्यांवर दाटीवाटीने उभे राहत; पुढे बाकडी आली आणि जागा घटली. आज क्रोक पार्कची क्षमता ८२ हजार ३०० आहे आणि अंतिम सामन्याची तिकिटे मिळवण्यासाठी धडपड करावी लागते. जुलै २०२४ मध्ये क्लेअरने कॉर्कला एका गुणाने हरवले तो हर्लिंगचा अंतिम सामना आरटीईने आणि ब्रिटनभर बीबीसीनेही फुकट दाखवला. मैदान तरीही तुडुंब होते.

मग प्रक्षेपण निर्दोष ठरते काय? तसेही नाही. चार प्रांतांमधील रेल्वे कप या स्पर्धेची कहाणी या संदर्भात हटकून सांगितली जाते. १७ मार्चला, संत पॅट्रिकच्या सणादिवशी, क्रोक पार्कवर तिचे अंतिम सामने होत आणि १९५० च्या दशकात त्यांना ४० हजारांच्या वर गर्दी जमे. प्रक्षेपण सुरू झाले, गर्दी ओसरत गेली आणि अखेर ही स्पर्धा नामशेष होण्याच्या वाटेला लागली. दूरचित्रवाणीवरील आरोपपत्र इतके सोपे असते तर वाद केव्हाच मिटला असता. परंतु पुढे त्याच मैदानावर, त्याच सणाला अखिल आयर्लंड क्लब स्पर्धेचे अंतिम सामने होऊ लागले. तेही थेट दाखवले जात. तरीही चांगल्या वर्षी ३० हजारांच्या आसपास प्रेक्षक येत. प्रांताच्या संघासाठी सणाच्या दिवशी घर सोडावे असे कुणाला वाटेनासे झाले होते. आपल्या गावच्या पोरांसाठी मात्र गावच्या गाव बसने डब्लिनला लोटत असे.

अलीकडचा दाखला याहून बोलका आहे. लेन्स्टर प्रांतात डब्लिनने २०११ पासून २०२४ पर्यंत फुटबॉलचे सलग १४ किताब जिंकले. निकाल आधीच ठाऊक असल्याने प्रेक्षक रोडावत गेले. २०२५ मध्ये डब्लिन बाहेर पडले आणि अंतिम सामना लाऊथ व मीथ या शेजाऱ्यांमध्ये झाला. त्याला ६५ हजारांहून अधिक लोक आले, आदल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त. लाऊथने १९५७ नंतर प्रथमच किताब पटकावला. पडदा दोन्ही वर्षी होताच. फरक होता तो चुरशीचा. मन्स्टर प्रांतातील हर्लिंगचेही तेच. २०१८ मध्ये साखळी पद्धत आल्यापासून तेथील सामने घरी दिसत असूनही मैदाने ओसंडत आहेत.

थोडक्यात, ज्या सामन्याला जायचेच असते त्याला माणूस जातोच. प्रक्षेपणाची खरी झळ बसते ती 'जावे की न जावे' अशा काठावरच्या सामन्यांना, आणि त्याहीपेक्षा जे सामने दाखवलेच जात नाहीत त्यांना. क्रोक पार्कवरील लढत पडद्यावर चालू असताना, त्याच वेळी, पावसात, शेजारच्या मैदानावर होणाऱ्या क्लब सामन्याचे दार ओस पडते. हे नुकसान दाखवल्या गेलेल्या सामन्याच्या हिशेबात कधीच दिसत नाही. इंग्लंडमधील फुटबॉलने हा धोका ओळखून शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत थेट प्रक्षेपणच बंद ठेवले. तेथील लहान क्लबांचा जीव त्यावर आहे. अमेरिकी फुटबॉलने तिकिटे न खपल्यास स्थानिक प्रक्षेपण रोखण्याचा दंडक कित्येक वर्षे पाळला आणि २०१५ मध्ये तो बाजूला ठेवला.

करोनाने या वादाला नवे वळण दिले. २०२० मध्ये अंतिम सामने रिकाम्या क्रोक पार्कवर झाले आणि प्रेक्षकांना मज्जाव असल्याने काउंटी मंडळांनी क्लब सामनेही इंटरनेटवरून पैसे घेऊन दाखवायला सुरुवात केली. साथ ओसरली, सोय राहिली. एका तिकिटाच्या आसपासच्या पैशात अख्खे घर सामना पाहू लागले तर खजिनदाराने हसावे की रडावे? काउंटी संघांच्या तयारीचा देशभरातील खर्च वर्षाला ४ कोटी युरोंपलीकडे गेला आहे आणि क्लब स्पर्धेचे प्रवेशशुल्क हा तो भागवण्याचा एक हक्काचा मार्ग आहे. परदेशी गेलेला मुलगा किंवा अंथरुणाला खिळलेले आजोबा यांच्यासाठी मात्र हेच प्रक्षेपण मोठा आधार आहे. ते तसेही दारावर येणार नव्हते.

म्हणूनच पैशाच्या भिंतीमागे सामने ठेवण्याचे समर्थन करताना गर्दीचा मुद्दा पुढे केला जातो तेव्हा तो तपासून घ्यावा लागतो. स्काय वाहिनीशी २०१४ ते २०२२ असा करार झाला, मग २०२३ पासून 'जीएए गो' देशांतर्गत आली आणि तिच्याकडे वर्षाला ३८ सामने गेले. २०२५ पासून आरटीई त्या भागीदारीतून बाजूला झाली असून जीएए स्वतःच 'जीएए प्लस' चालवते. कॉर्क-लिमरिकसारखे ज्या सामन्यांवर खरी ओरड झाली, त्यांना मैदान भरण्यासाठी कोणत्याही भिंतीची गरज नव्हती. तेथे प्रश्न महसुलाचा होता. संघटनेला पैसा हवा असेल तर तसे म्हणण्यात गैर काही नाही; रिकाम्या बाकड्यांची ढाल कशाला?

राखायचे असेल तर ते वेळापत्रक. २०२२ पासून काउंटी हंगाम जुलैत संपवून उरलेले वर्ष क्लबांसाठी मोकळे ठेवण्यात आले आहे. त्या मोकळ्या महिन्यांतही आयरिश भाषेतील टीजी फोर वाहिनी निवडक क्लब सामने फुकट दाखवते. ते कोणत्या तासाला ठेवायचे आणि त्या तासाला शेजारच्या गावात दुसरा सामना लावायचा की नाही, एवढे ठरवणे काउंटी मंडळांच्या हाती आहे.