पाचवी बॅटरी

'अपग्रेड' या शब्दाचा मला हल्ली राग येऊ लागला आहे. शब्दांवर रागावणे हा निवृत्त मराठीच्या मास्तराचा जुनाच रोग, हे मान्य. पण या वेळी कारण घरातलेच आहे.

आमची नात ज्या ई-रिक्षाने शाळेत जाते, ती रिक्षा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर अचानक सहा मिनिटे आधी पोचू लागली. सूनबाई खूश. चालवणारा माझाच जुना विद्यार्थी. शेवटच्या बाकावर बसायचा, पण अक्षर मोत्यासारखे. मी त्याला रस्त्यात थांबवून म्हटले, "वा रे, आता वेळ पाळायला शिकलास!" तो लाजून हसला. आणि पावसाळ्यातल्या एका सकाळी तीच रिक्षा आमच्या फाटकापाशी थांबायच्या ऐवजी घसरत पुढे गेली आणि शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या भिंतीला लागली. आत पोरे होती. एकाच्या हनुवटीला तीन टाके पडले. आमची नात तेवढी घाबरली, बाकी काही नाही.

"असं झालं कसं?" तर म्हणे, "सर, गाडी अपग्रेड केली ना जी. अठ्ठेचाळीसची साठ करून टाकली."

आता व्होल्ट, अँपिअर यावर माझ्यासारख्या बी.ए. मराठी माणसाने लिहावे का, असे कोणी विचारील. तारतंत्री झालेला दुसरा एक विद्यार्थी दोन संध्याकाळी घरी बोलावून, चहा पाजून, मी हे समजून घेतले आहे. चुकले असेल तर तो मास्तर झालाय, त्याच्या माथी मारा.

ई-रिक्षाच्या सीटखाली साधारणपणे १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. चार बारे अठ्ठेचाळीस. त्यात पाचवी घातली की साठ. मोटारीचा वेग व्होल्टवर जातो, म्हणजे वेग सव्वापट. ताशी २५ किलोमीटरची गाडी सुमारे ३१ ने पळू लागते. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण थांबण्याचा हिशेब वेगाच्या वर्गाने चालतो, आणि सव्वाचा वर्ग म्हणजे दीडपटीहून थोडा जास्त. जी गाडी ब्रेक दाबल्यावर सहा मीटरांत थांबायची, तिला आता साडेनऊ मीटर लागतात. वर पाचव्या बॅटरीचे तीसेक किलो वजन. आणि ब्रेक? ब्रेक तेच. आमच्या फाटकापासून ती भिंत किती लांब आहे ते मी नंतर काठीने मोजले. इथे आकडा देत नाही, त्याची गरज नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना हे समजवायला गणित कशाला हवे? आपण मामा तलावांचे लोक. कोहळ्यांनी बांधलेल्या तलावांवर इथला धान पिकत आला. व्होल्ट म्हणजे तलावातल्या पाण्याची उंची आणि अँपिअर-अवर म्हणजे साठा. उंची वाढली की पाटातून पाणी जोराने धावते, हे खरे. पण जुन्या पाळीला हात न लावता पाणी चढवले तर काय होते, हे आजोबांनी सांगितलेले आहे. सांडवा कशासाठी असतो हेही सांगितलेले आहे.

मी त्या मेकॅनिककडेही जाऊन आलो. माणूस वाईट नाही. नवा कंट्रोलर आणि नवा चार्जर त्याने घातला होता. तेवढेही न करता नुसती पाचवी बॅटरी डकवणारे आहेतच. अठ्ठेचाळीसच्या कंट्रोलरमध्ये बहुधा ६३ व्होल्टचे कपॅसिटर असतात आणि साठचा संच चार्ज होताना सत्तरीला टेकतो. मग धूर निघाला तर नवल काय? हा म्हणाला, "गुरुजी, व्होल्ट वाढला की करंट कमी लागते, तारा कमी तापतात." माझ्या तारतंत्र्याला विचारले, तर हे खरे निघाले! तेवढीच शक्ती साठ व्होल्टवर घेतली तर करंट चार-पंचमांश होतो आणि तारांतली उष्णता ६४ टक्क्यांवर येते. मेकॅनिकचे इतके म्हणणे मी मान्य करतो. पण 'तेवढीच शक्ती' घेण्यासाठी कोणी पैसे मोजून पाचवी बॅटरी बसवतो का? ती बसते ती कान पिळायला. आणि चढावर ओढत नाही म्हणून व्होल्ट वाढवला, हे जे सांगतात, त्यांनी हेही समजून घ्यावे की मोटारीचा जोर करंटवर असतो.

पुन्हा त्याच्या चार बॅटऱ्या दीड वर्ष जुन्या, पाचवी कोरी. एकामागे एक जोडल्यामुळे सगळ्यांतून सारखाच प्रवाह जातो. जुनी आधी रिकामी होते आणि तरीही ओढली जाते. चार्जर बिचारा फक्त बेरीज पाहतो, कोण उपाशी आणि कोण तुडुंब हे त्याला दिसत नाही. शाळेच्या निकालातल्या टक्केवारीसारखेच.

कायद्याचे म्हणाल, तर तो शोधून वाचला. ई-रिक्षा रस्त्यावर आल्या आधी आणि नियम आले मागून. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली, तेव्हा केंद्र सरकारने घाईघाईने त्याच वर्षी नियम केले आणि २०१५ मध्ये मोटार वाहन कायदा दुरुस्त केला. नियमांत मोटार दोन हजार वॅटपर्यंत, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत, माणसे चार आणि सामान ४० किलो. गाडीत मूळ रचनेहून वेगळे बदल करायला कलम ५२ मनाई करते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड सांगितला आहे. विमा कंपनीला हात वर करायला एवढे निमित्त पुरे. साठ व्होल्ट डीसी ही वाहनांच्या सुरक्षानियमांत एक सीमाही आहे, तिच्या पलीकडे शॉकपासून बचावाची जास्त व्यवस्था मागितली जाते. पूर्ण भरलेला साठचा संच ती सीमा ओलांडतो. सीटखालच्या उघड्या टर्मिनलवर कोणी चिंधी गुंडाळली होती, ती मी पाहिली.

अमेरिकेत गोल्फच्या मैदानावरच्या गाड्या असतात. तिथली हौशी मंडळी त्या ३६ च्या ४८ करतात. ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या काढून ८ च्या सहा घालतात. हिरवळीवर दोन म्हातारे आणि एक पिशवी घेऊन फिरणाऱ्या गाडीचे त्यांचे ते पाहून घेतील. जयस्तंभ चौकात सायकली, गाई, ट्रॅक्टर आणि शाळेची पोरे यांच्यामधून जाणाऱ्या तीन चाकांना ते कौतुक लावू नये. तीन चाके वळणावर कशी डुलतात हे मागे बसलेल्याला विचारा.

मी ई-रिक्षाचा विरोधक नाही. गोंदिया स्टेशनबाहेर सायकल रिक्षावाल्यांच्या पोटऱ्या मी पाहिल्या आहेत, त्यांच्या रिक्षात बसलोही आहे, त्याची लाज अजून वाटते. माथेरानच्या चढावर तर माणसे माणसांना हाताने ओढत होती. तिथे डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितले. त्या गाडीचे काम माणसाचे ओझे उतरवणे हे आहे. ती जिंकायला निघालेली नाही.

पण मग माझ्या विद्यार्थ्याने हे का केले? एका संध्याकाळी तो ओसरीवर बसून बोलला. गाडीचा हप्ता आहे. शाळेची फेरी लवकर संपली तर स्टेशनवर गाडीच्या वेळेला पोचता येते, एक फेरी जास्त होते. "आणि पालकच म्हणत होते सर, उशीर होते म्हणून." पालक म्हणजे कोण? आम्हीच. चारच्या गाडीत आठ पोरे बसलेली आम्हाला रोज दिसत होती, कारण माणशी भाडे त्यामुळे कमी पडत होते. आम्ही ब्रेक कधी विचारले नाहीत, घड्याळ तेवढे पाहिले. वर मी भर रस्त्यात शाबासकी दिली. अपग्रेड म्हणजे वरचा वर्ग. नापास पोराला वरच्या वर्गात ढकलण्याविरुद्ध मी आयुष्यभर स्टाफरूममध्ये भांडलो, आणि इथे ब्रेक नापास असलेली गाडी मीच टाळ्या वाजवून वर चढवली.

पैसे घालायचेच असतील तर साठा वाढवावा. अठ्ठेचाळीसचाच चांगला लिथियमचा संच घेतला, तो गाडीला आणि तिच्या चार्जरला जुळणारा असला आणि अधिकृत मार्गाने बसवला, तर वजन कितीतरी कमी होते. शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवली की तिचे आयुष्य घटते, लिथियमचे तसे नाही, म्हणून फेऱ्या वाढतात. वेग तोच राहतो. किंमत जास्त आहे, हे खरे. कर्ज देणारे पहिल्या गाडीला धावत येतात, या बॅटरीला कोणी दारात उभे करत नाही, हा अनुभव त्याचा. तिरोड्यात ३३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प असलेल्या जिल्ह्यात एका रिक्षेची चार बॅटऱ्यांची अडचण सुटत नाही!

असो. त्याने गाडी परत अठ्ठेचाळीसवर आणली, जुना कंट्रोलर मेकॅनिककडेच पडून होता. ब्रेकचे लाइनर नवे घातले, त्याचे पैसे मी आणि आणखी दोन पालकांनी दिले. आता पाच पोरे बसतात, तीही नियमाने एक जास्तच. भाडे वाढले आहे. पाचवी बॅटरी मी विकत घेतली, ती आमच्या इन्व्हर्टरला लागली. तिघांच्या घरच्यांनी मात्र पोरांना त्याच्या गाडीतून काढून दुसऱ्या रिक्षात घातले आहे. ती म्हणे लवकर पोचते.