कुटुंबाचे आरोग्य : जठरातील जंतू आणि घरातील घागर



मध्यंतरी निपाणीच्या एका भगिनीने मिस्सेनंतर मला थांबवून विचारले, "फादर, माझ्या लेकराच्या पोटात जंतू सापडला. सासूबाई म्हणतात, गल्लीतल्या परजातीच्या पोरांत खेळतो, म्हणून लागला. खरे का हो?" मराठी, कानडी, कोकणी व उर्दू एकाच नळावर ऐकू येणाऱ्या आपल्या सीमाभागात दुखण्याचे खापर शेजाऱ्याच्या माथी फोडणे फार सोपे असते, म्हणून हे उत्तर सर्वांसाठी लिहितो.

या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. जठरातील आम्लात जंतू तग धरीत नाहीत, अशी वैद्यांची दीर्घकाळ समजूत होती. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन त्याची वाढ करू पाहत होते. पण दोन दिवसांत काही न उगवल्यास बश्या टाकून दिल्या जात. ईस्टरच्या सुट्टीत त्या तशाच राहिल्या आणि जंतू उगवला! (सणाचा असाही एक उपकार.) पुढे १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः प्राशन करून जठरदाह ओढवून घेतला. २००५ साली उभयतांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता सासूबाईंचा मुद्दा. हॉलंडमधील रॉटरडॅम नगरीत बालकांची तपासणी झाली, तेव्हा डच बालकांपेक्षा स्थलांतरितांच्या बालकांत हा जंतू अधिक आढळला. मग हा वंशाचा दोष म्हणावा काय? अमेरिकेतील ह्यूस्टन येथील कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक लोकांच्या अभ्यासात बालपणीचे दारिद्र्य व घरातील दाटी हीच कारणे पुढे आली. आणि आपल्या मुंबईत? १९९४ सालच्या पाहणीत चार वर्षांपर्यंतच्या बालकांत शेकडा २२, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत ५६ आणि दहा ते एकोणीस वयोगटात ८७ जणांच्या रक्तात या जंतूची खूण सापडली. इतक्या घरांत जो वावरतो, त्याची जात कोणती सांगावी? तो बहुधा बालपणीच, घरच्याच माणसांकडून, विशेषतः आईकडून येतो.

हे ऐकून ती भगिनी रडवेली झाली. "म्हणजे मीच दिला?" बाई, तुम्हालाही तो तुमच्या बालपणीच लागला असेल. एका खोलीत सात माणसे, दिवसाआड येणारे पाणी, ते साठविलेल्या घागरीत बुडणारे प्रत्येकाचे हात. यात आईचा अपराध कोठे शोधावा?

बहुतेकांना या जंतूचा त्रास होत नाही. काहींना जठरव्रण होतो, क्वचित पुढे कर्करोगही. म्हणून केवळ जंतू सापडला एवढ्यावरून मुलाला औषध देण्याची घाई जाणते डॉक्टर करीत नाहीत. व्रण असल्यास मात्र औषधे देतात, आणि ती पोट शांत झाले तरी पूर्ण मुदत घ्यावी लागतात. अर्धवट उपचाराने जंतू निर्ढावतो. रक्ताची उलटी, काळे शौच वा वजनातील घट दिसल्यास मुळीच थांबू नये.

घागरीतून पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे व पिण्यापूर्वी उकळावे. शौचानंतर व जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. आजीने घास स्वतः चावून नातवाला भरवू नये. तो कुस्करून द्यावा. आणि मुलाला गल्लीत खुशाल खेळू द्यावे.