टाकळा की कासविंदा?

भगिनींनो, पावसाळ्यात आपण माळावरून टाकळा खुडून आणतो. भाजी फुकटची, पण ओळख पक्की हवी. पिवळ्या फुलांची ही तीन भावंडे आम्ही सांगतो तशी ताडून पाहा.

टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या. पाने टोकाला गोल, शेंग लांब व बारीक. भाजी याच्याच कोवळ्या पानांची करावी.

कासविंद्याच्या जोड्या बहुधा चार-पाच. पाने टोकदार, चुरगाळली की उग्र वास येतो. शेंग चपटी.

तरवडाचे झुडूप मोठे. जोड्या आठ ते बारा, शेंग कागदासारखी पातळ. त्याची साल कातडे कमावण्यासाठी वापरत आले आहेत.

जपायचे ते कासविंद्याच्या बियांपासून. पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळा सरला की लहान मुले उलट्या होऊन बेशुद्ध पडत, कित्येक दगावत. लोकांना तो मेंदूज्वर वाटे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या डॉक्टरांच्या अभ्यासाने याच बियांकडे बोट दाखवले. भुकेली पोरे खेळता खेळता शेंगा खात होती.

म्हणून मुलांना जोड्या मोजायला शिकवा. शेंग खाऊन मूल ओकू लागले, तर अंगारा-धुपारा करीत बसू नका. शेंग सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.