चुलीवरून विडी पेटवून आण !



गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या मागल्या भिंतीआड सहावीच्या वर्गांतील एक मुलगा विडी ओढतांना आम्हांस सांपडला. जवळ बोलावून विचारलें, "अरे, हें कोठें शिकलास?" मान खालीं घालून तो म्हणाला, "गुरुजी, बाबा सांगतात चुलीवरून विडी पेटवून आण. आणतांना विझूं नये म्हणून दोन झुरके घ्यावे लागतात." आम्ही त्यास काय शिक्षा करणार? आमच्याच सदऱ्याच्या खिशांत विड्यांचें बंडल होतें, आणि मुलाची नजर नेमकी तेथेंच लागली होती.

त्या दिवसापर्यंत आम्ही सोळा वर्षें विडी ओढीत होतों. वर्गांत व्यसनांवरील धडा शिकवावा आणि मधल्या सुटींत आडोशास जाऊन धूर काढावा, असा आमचा क्रम होता. तेव्हां आज जें लिहीत आहों तो उंचावर बसून केलेला उपदेश नव्हे. त्याच चिखलांत रुतून बाहेर पडलेल्याचें हें सांगणें आहे. तें एवढेंच कीं, घरांतली विडी एकट्या बापाची कधींच नसते. तिचे पैसे सगळें घर भरतें, तिचा धूर सगळें घर गिळतें, आणि तिचा धडा मुलें गिरवितात.

प्रथम पैशाचा हिशेब पाहूं. समजा, एका घरांत विडीकाडीवर रोज ३० रुपये जातात. वर्षाचे झाले १०,९५० रुपये, आणि दहा वर्षांचे १,०९,५०० रुपये. एवढ्यांत पोरीच्या पुढल्या शिक्षणाचा मोठा भार हलका झाला असता, सुतारा-लोहारास नवीं हत्यारें आलीं असतीं, कुणब्याच्या विहिरीवर मोटार बसली असती. सावकाराचें व्याज निदान कागदावर दिसतें. विडीचें देणें कोणी लिहून ठेवीत नाहीं, म्हणून तें डोळ्यांस दिसत नाहीं.

आतां शरीराचा हिशेब. कित्येकांची समजूत अशी कीं, सिगारेट वाईट खरी, पण विडी आपली झाडाच्या पानाची, तिनें कांहीं होत नाहीं. ही समजूत साफ खोटी आहे. टेंभुर्णीच्या पानांतून हवा नीट खेळत नाहीं. विडी विझूं नये म्हणून वरचेवर व जोरानें झुरके घ्यावे लागतात, आणि छातींत जाणारें विष सिगारेटीपेक्षां कमी नसून पुष्कळदां अधिकच असतें. तोंडाचा, घशाचा व फुप्फुसाचा कर्करोग, हृदयविकाराचा झटका, अर्धांगवायु आणि चार पावलें चालतांच लागणारी धाप, ही त्याचीं फळें. ओढणारास क्षयही लवकर गांठतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, तंबाखूमुळें जगांत दरसाल ७० लाखांहून अधिक माणसें मरतात. त्यांत दहा लाखांहून अधिक माणसें अशीं असतात कीं, त्यांनीं स्वतः ओढलेली नसते. दुसऱ्याचा धूर त्यांच्या छातींत गेलेला असतो. आमच्या घरांतून एकाच खोलींत पाळणा असतो व तेथेंच बाजेवर बसून बाप विडी ओढतो. त्या धुरानें तान्ह्या मुलास दमा, न्युमोनिया व कानाचे विकार जडतात.

"आम्ही ओढीत नाहीं, नुसती खातों" असें म्हणणारांनींही आपणांस सुटलेलें समजूं नये. २०१६-१७ सालच्या सरकारी पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा २६.६ लोक तंबाखू सेवन करणारे आढळले. ओढणारे शेंकडा ३.८ होते, तर खाणारे व दातांस लावणारे शेंकडा २४.४. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. आमच्या माय-बहिणी ती दंतमंजन समजून लावतात. पण गरोदरपणीं लावल्यास मूल कमी वजनाचें जन्मण्याचा धोका वाढतो.

यावर सबबी पुष्कळ निघतात. कोणी म्हणतो, ही वाडवडिलांची चाल आहे. बाबांनो, तंबाखू मूळची अमेरिका खंडांतली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती चारशें वर्षांहून कांहीं अधिक काळापूर्वीं आपल्या देशांत आली. ज्ञानोबा-नामदेवांच्या काळीं पंढरीच्या वाटेनें जाणाऱ्या वारकऱ्यास ती ठाऊकही नव्हती. कोणी म्हणतो, आल्या पाहुण्यास विडी पुढें न करावी तर माणुसकी काय राहिली? गूळपाणी द्या, त्यानें कोणाचा मान गेल्याचें ऐकिवांत नाहीं. आणखी कोणी विचारतो, सोलापूर-सिन्नरकडे विड्या वळून पोट भरणाऱ्या बायांचें काय? प्रश्न खरा आहे. त्या हजारी दरानें राबतात आणि तंबाखूची धूळ त्यांच्याच छातींत जाते. त्यांस बऱ्या मजुरीचें दुसरें काम मिळालेंच पाहिजे. पण एका घराच्या खोकल्यावर दुसऱ्या घराची चूल पेटावी, ही रीत आम्हांस मान्य नाहीं.

सोडल्यानें काय मिळतें तें ऐका. वीस मिनिटांत नाडीचे ठोके उतरूं लागतात. एक ते नऊ महिन्यांत खोकला व धाप कमी होते. वर्षभरांत हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढणाराच्या मानानें निम्मा होतो. चाळिशीच्या आंत सोडणाराचा अकालीं मरणाचा बहुतेक धोका टळतो. साठीस सोडली तरी सुमारें तीन वर्षांचें आयुष्य पदरांत पडतें. म्हणजे उशीर झाला असें कोणासच म्हणतां येत नाहीं.

आम्हीं पोळ्याचा दिवस ठरविला, घरांत सर्वांस सांगितलें, आणि उरलेलें बंडल चुलींत घातलें. पहिले चार दिवस फार वाईट गेले. झोप येईना, पोरांवर उगाच खेंकसत होतों. परंतु तलफ ही पांच-दहा मिनिटांची असते; तेवढा वेळ पाणी प्यावें, बडीशेप चघळावी, हातास काम द्यावें, म्हणजे ती ओसरते. दिवाळीनंतर एका लग्नांत आम्ही घसरलों. दुसऱ्या दिवशीं पुन्हां सोडली. एकदां घसरलें म्हणून सगळें बुडालें असें नव्हे. एकट्यानें जमत नसेल त्यानें सरकारी दवाखान्यांत विचारावें, किंवा १८००-११-२३५६ या मोफत सरकारी दूरध्वनीवर बोलावें. यांत लाज कसली?

गांवानेंही आपलें काम करावें. २००३ सालच्या कायद्यान्वयें अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकण्यास व शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत ती विकण्यास बंदी आहे. ग्रामसभेंत उभे राहून विचारा कीं, आमच्या शाळेसमोरच्या टपरींत काय विकतात? मास्तर एकटा ओरडला तर कोणी ऐकत नाहीं. दहा आया उठल्या तर टपरी हलते.

त्या मुलाच्या घरीं आम्ही जाऊन आलों. बाप रागावला नाहीं, बराच वेळ गप्प बसला. त्याची विडी अद्याप सुटलेली नाहीं. पण आतां तो ती स्वतः उठून, अंगणांत जाऊन पेटवितो. तेवढ्यानें भागणार नाहीं हें आम्हांस कळतें. तरी ज्यास आज सारें सोडणें जड वाटतें, त्यानें एवढ्यापासून तरी आरंभ करावा. आज सांजच्याला आपल्या पोरास विडी पेटविण्यासाठीं चुलीकडे धाडूं नये. त्याच्या हातीं पाटी द्यावी.

— एक खेडेगांवचा मास्तर