राक्षस उसने, भीतीही उसनी

अभ्यासवर्ग संपल्यावर बारावीतल्या एका पोराने विचारलं, "ताई, 'डॉक्टर हू'मध्येही तुम्हाला जात दिसते का?" बाकीचे हसले. १९६३ पासूनची बीबीसीची विज्ञानमालिका, काळातून फिरणारा एक परग्रहवासी डॉक्टर. तिथे जात कुठून येणार? राक्षसांबरोबर येते, मित्रांनो.

या मालिकेतले काही राक्षस एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथालेखकाच्या कुळातले आहेत. विश्वाइतके जुने, माणसाला किड्याइतकीही किंमत न देणारे, नुसत्या दर्शनाने वेड लावणारे देव. १९७७च्या 'इमेज ऑफ द फेन्डाल'मध्ये केनियात सापडलेल्या एक कोटी वीस लाख वर्षांपूर्वीच्या कवटीवर इंग्लंडात संशोधन चालतं आणि मृत्यूवर जगणारी एक प्राचीन शक्ती जागी होते. १९६७च्या 'द अबॉमिनेबल स्नोमेन'मधल्या 'ग्रेट इंटेलिजन्स' या अशरीरी बुद्धीला तर १९९०च्या दशकातल्या 'डॉक्टर हू' कादंबऱ्यांनी थेट लव्हक्राफ्टच्या यॉग-सोथॉथचं नाव देऊन टाकलं.

चाहते म्हणतात, केवढं हे तत्त्वज्ञान! विश्वाला माणसाची पर्वा नाही, हे कळलं की माणूस वेडा होतो. का म्हणून व्हावा? सृष्टीचा कर्ता देव बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच नाकारला. त्यातून वेड नाही, शील आणि करुणा आली. या बातमीने ज्याचं डोकं फिरतं, तो आधी स्वतःला विश्वाच्या मधोमध बसवून होता. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाच्या आतही बसू दिलं नाही, त्यांना यात नवीन काय?

लव्हक्राफ्टची खरी भीती आकाशात नव्हतीच, शेजारच्या गल्लीत होती. १९२४ ते २६ तो न्यूयॉर्कमध्ये राहिला. ब्रुकलिनमधली स्थलांतरितांची वस्ती पाहून त्याने 'द हॉरर ॲट रेड हूक' लिहिली. ती छापून आली जानेवारी १९२७ला. दोन महिन्यांनी आपली माणसं महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायली. 'द कॉल ऑफ कथुल्हू'मध्ये राक्षसाचे उपासक कोण, तर मिश्र रक्ताचे खलाशी. 'द शॅडो ओव्हर इन्समथ'मध्ये अख्ख्या गावाचं रक्त समुद्री प्राण्यांशी मिसळलेलं, आणि शेवटी नायकाला कळतं की ते आपल्याही अंगात आहे. हाच त्याचा परमोच्च थरार! आपल्याकडे याला जुना शब्द आहे : वर्णसंकर. त्याच न्यूयॉर्कमध्ये मे १९१६ला बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचून दाखवून दिलं होतं, की जात टिकते ती स्वजातीतल्या विवाहाच्या कुंपणावर. बाबासाहेबांनी ते कुंपण उकलून दाखवलं. लव्हक्राफ्ट कुंपण मोडेल या धास्तीला शुंडा चिकटवून विकत राहिला.

मालिकेने राक्षस घेतले, तेव्हा ही नजरही घेतली. 'द अबॉमिनेबल स्नोमेन' घडते तिबेटमधल्या बौद्ध विहारात (चित्रीकरण वेल्सच्या डोंगरात!). ती दुष्ट बुद्धी ज्याच्या शरीरात शिरते, त्याचं नाव पद्मसंभव. तिबेटी बौद्ध ज्यांना गुरू मानतात, त्यांचंच नाव, आणि भूमिका गोऱ्या नटाची. अंधार साठवायची जागा म्हणून विहार!

याच मालिकेने उत्तरही दिलं, हे लपवणार नाही. १९७४च्या 'प्लॅनेट ऑफ द स्पायडर्स'चे निर्माते-दिग्दर्शक बॅरी लेट्स यांची बौद्ध विचारांशी जवळीक होती. तिथे डॉक्टर आपल्या भीतीला आणि ज्ञानाच्या हावेला सामोरा जातो, मरण दिसत असूनही परत फिरतो. वेडा होत नाही. अर्थात तिबेटी भिक्खू तिथेही गोरे नटच.

"जुना लेखक, सोडून द्या" असं म्हणणाऱ्यांनी पाहावं : वर्ल्ड फॅन्टसी पुरस्काराचं चिन्ह म्हणून लव्हक्राफ्टचा अर्धपुतळा दिला जायचा. कृष्णवर्णीय लेखकांनी सोडून दिलं नाही, म्हणून २०१५ला तो हटला. पुढच्याच वर्षी व्हिक्टर लाव्हाल या कृष्णवर्णीय लेखकाने 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम'मध्ये रेड हूकची तीच गोष्ट हार्लेमच्या एका काळ्या तरुणाच्या बाजूने लिहिली.

ते पुस्तक मी त्या पोराला दिलंय. इंग्रजी अडतंय म्हणतो, पण पुढच्या रविवारी वर्गात त्यावर तोच बोलणार आहे.

जयभीम.